'से' आला नाही

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. खुनाच्या केसमधल्या आरोपीला जामीन. खाली लगेच, 'सुटला! न्याय विकला गेला!' त्यावर १७ अंगठे. अरे, सुटला कुठे? जामीन झालाय. केस आहे तिथेच आहे. एवढंही शिकलेल्या माणसांना कळू नये?

मी वकील नाही. पण आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींचा मुलगा ३०७ मध्ये, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये, आत होता, तेव्हापासून पीसीआर (पोलीस कोठडी), एमसीआर (न्यायालयीन कोठडी) सगळं पाठ झालंय. तारखेला सुट्टी घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळताना सांगायच्या, "ताई, से आला नाही." म्हणजे जामीन अर्जावर सरकारी वकिलांचं म्हणणं. ते आलं की जज्जसाहेब रजेवर. साहेब आले की तपास अधिकारी बंदोबस्तावर. सेशन कोर्टाने जामीन फेटाळला, हायकोर्टात झाला. चौदा महिने गेले.

त्याने वार केला का? मला माहीत नाही. 'माझा पोरगा असं करणारच नाही' असं मावशीही कधी छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत. ते ठरवायला खटला आहे ना! गुन्हा गंभीर आहे हे बघाच. पण पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, तेही बघा. शिक्षा आधी आणि खटला मग, हा कुठला न्याय? 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर १९७७ सालीच सांगून गेलेत. आणि भीमा कोरेगाव केसमध्ये आत असलेल्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना पेला धरवत नाही म्हणून सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला गेले, हायकोर्टात जामिनाचा निकाल लागायच्या आत. तेव्हा हा ग्रुप गप्प होता.

आणि आपल्या पुण्यात, २०२४ साली, पोर्शेने दोघांना उडवलं तर काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध! हो, अल्पवयीन होता, कायदा वेगळा, माहितीये. चीड यायची ती येतेच.

साक्षीदार फुटतात, फिर्यादीच्या दारात फटाके वाजतात, हेही खरं. मग अशांचा जामीन रद्द करा, तशी सोय आहे कायद्यात.

जामीन झाला त्या दिवशी मावशींनी पेढे आणले. मुलगा मात्र आणखी २१ दिवस आतच. जामीनदार कुठून आणायचा? गावाकडच्या दिरांनी सातबारा द्यायला नकार दिला. शेवटी मी उभी राहिले. आधार, रेशनकार्ड, घराची टॅक्स पावती. कारकुनाने मान वर करून विचारलं, "तुमचं नातं काय?" मला पटकन काही सुचेना. "पोळ्या करतात आमच्याकडे," म्हटलं.

मावशींच्या पिशवीत त्याचा इस्त्री केलेला शर्ट होता. घातला तर खांद्यावरून उतरत होता. त्याच सारख्या कॉलर नीट करत होत्या.

गुरुवारी पुन्हा तारीख आहे. केस अजून उभी राहायचीय.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. त्या १७ अंगठ्यांत एक आमच्या ह्यांचा आहे. डबा घेऊन गेलेत मघाशी. मावशींच्याच पोळ्या.