सात कोअर कोंडून लॅपटॉप पळत नाही

परवा भाच्याचा फोन. "मामा, लॅपटॉप फास्ट करायला गेलो आणि आता प्रोजेक्टचा बिल्ड संपतच नाहीये." बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं. कर्वेनगरला रूम करून राहतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. ग्रुपवर फिरणारा मेसेज त्याने आधी करून पाहिला, मग मला विचारलं. मेसेज असा: 'लिनक्स स्लो? ग्रबमध्ये आयसोलसीपीयूज आणि नोहर्ट्झ फुल टाका, दोन्हींना १ ते ७ कोअर द्या. शून्य इंटरप्ट, दुप्पट स्पीड! ट्रेडिंग कंपन्या हेच वापरतात, सांगत नाहीत.' ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक काम करणारा भाग, आणि इंटरप्ट म्हणजे कोअरला चालू काम थांबवायला लावणारा निरोप.

दुप्पट स्पीडचं आधी बघू, कारण पोराचा अख्खा दिवस त्यातच गेला. आयसोलसीपीयूज म्हणजे ते कोअर शेड्युलरच्या, म्हणजे कोणतं काम कुठल्या कोअरवर चालवायचं ते ठरवणाऱ्याच्या, कामवाटपातून बाहेर काढणं. आठांतले सात काढले की ब्राउझर, डेस्कटॉप, कंपायलर सगळे शून्य नंबरच्या कोअरवर. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सात केबिनना कुलूप लावायचं, सगळ्यांना एका बाकावर कोंबायचं आणि वर म्हणायचं, केबिनमध्ये बघा किती शांतता! मेकला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, एकदम आठ जॉब दिले तरी आठही एकाच कोअरवर रांगेत. मग कुणा शहाण्याने सुचवलं, 'टास्कसेटने १ ते ७ वर चालव.' टास्कसेट म्हणजे प्रोग्रामला कोअर ठरवून देणारी आज्ञा. तेही याने केलं. तरी सगळे कंपायलर एकाच कोअरवर, फक्त आता दुसऱ्या. कारण त्या सात कोअरांमध्ये लोड बॅलन्सिंगच, म्हणजे कामाचा भार आपोआप वाटून देणंच, नाही. प्रत्येक प्रोसेसला कोअर हाताने नेमून द्यावा लागतो. बिल्डमधल्या शेकडो प्रोसेसना कोण नेमून देणार?

आणि वाचवायचं तरी काय होतं? टायमरची टिक, म्हणजे ठरावीक वेळाने येणारा इंटरप्ट. नोहर्ट्झ फुल तीच थांबवतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कसा बांधलाय त्यानुसार ती सेकंदाला १०० ते १००० वेळा येते. एका टिकला अगदी पाच मायक्रोसेकंद धरा, वर १००० टिक धरा. झाले पाच मिलिसेकंद, म्हणजे अर्धा टक्का. यातून दुप्पट कुठून काढलं?

शून्य इंटरप्टचं बोलायचं तर कर्नलसोबत येणारा नो-हर्ट्झवरचा दस्तऐवज मेसेज लिहिणाऱ्याने उघडलेलाच नाही. त्यात स्वच्छ लिहिलंय: कोअरवर चालण्याजोगं काम एकच असेल तरच टिक थांबते, आणि त्या बदल्यात प्रोग्राममधून कर्नलमध्ये जाणं-येणं थोडं महाग होतं. कंपायलर सतत फायली उघडतो, म्हणजे सतत कर्नलमध्ये जातो. म्हणजे आपला तोटाच. नोहर्ट्झ फुल २०१३ साली कर्नलच्या ३.१० आवृत्तीत आलं, तेव्हाही सेकंदाला एक टिक उरायची. ती दुसऱ्या कोअरवर ढकलायला ४.१७, म्हणजे २०१८ उजाडलं. टिक गेली तरी बाकीचे पाहुणे आहेतच. त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्याने, मेमरी परत केली, की इंटेल-एएमडीच्या बहुतेक मशीनवर टीएलबी (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारी कोअरची छोटी वही) साफ कर म्हणून या कोअरला इंटरप्ट. ट्रेसिंग (कर्नलच्या आत काय चाललंय त्याची नोंद) चालू केलं, कर्नलने स्वतःचा कोड बदलला, की सगळ्या कोअरना इंटरप्ट. मदरबोर्डच्या फर्मवेअरचे स्वतःचे इंटरप्ट, एसएमआय, तर कर्नलला न विचारताच येतात.

ट्रेडिंगवाले वापरतात, हे मात्र खरं. टेलिकॉमवालेही वापरतात. पण तिथे एका कोअरवर एकच थ्रेड पॅकेटची वाट बघत गरगरत असतो, आणि त्याला वेग नकोच असतो, मध्येच बसणारा धक्का नको असतो. डिव्हाइसचे इंटरप्ट आणि आरसीयूची (कर्नलच्या अंतर्गत साफसफाईची) कामं उरलेल्या हाउसकीपिंग, म्हणजे घरकाम करणाऱ्या, कोअरवर हलवतात, म्हणजे तिकडे पुरेसे कोअर ठेवावे लागतात. मेसेजवाल्यांनी ठेवला एक.

'सांगत नाहीत' म्हणे! कर्नलच्या पॅरामीटरांच्या यादीत आयसोलसीपीयूज आहे, आणि त्याच्यापुढेच लिहिलंय की हे आता जुनं झालं, सीपीयूसेट (कोअरचे गट करायची नवी सोय) वापरा. जगजाहीर आहे ते.

भाच्याला म्हटलं, ओळ काढ. काढली त्याने, पण अपडेट-ग्रब, म्हणजे तो बदल लागू करणारी आज्ञा, चालवायला विसरला. रात्री साडेअकराला परत फोन.