भगिनी १

काल नाशिकच्या रामकुंडावर माझी वंशावळीत नोंद झाली. ‘भगिनी १’. तीन तास मान मोडून मोडी लावली मी, आणि वहीत ऐसपैस बसला धाकटा भाऊ, सहकुटुंब.

जनगणनेवरून पणजोबा शोधता येत नाहीत. १९४८ च्या कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय, आपल्या वाट्याला नुसते आकडे. विलायतेत १८५१ पासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं सापडतं. तिथेही ‘सन-इन-लॉ’ जावई समजावा तर सावत्र मुलगा निघतो. आपली धाव तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वहीपर्यंत. तिथे सिडकोतला पत्ता सांगून काही होत नाही, मूळ गाव आणि आडनाव लागतं. सापडलेल्या शकात ७८ मिळवायचे. जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९.

तर, शके १८२५. पणजोबांचं नाव, पुढे ‘कुटुंब २’.

“दोन कुटुंबं!” भाऊ ओरडला. “म्हणजे वाटण्या झाल्या होत्या!”

शेजारी पंचा पिळणारे एक काका, आमच्याशी काडीचा संबंध नसताना, वळले. “वाटणी? मग जुना सातबारा काढा. दोन कुटुंबं म्हणजे दोन चुली.”

“काका, कुटुंब म्हणजे बायको,” मी म्हटलं. “पूर्वी बायकोचं नाव घेत नसत.”

“बायको? माझ्या रेशनकार्डावर कुटुंबात पाच आहेत!”

“ते आत्ताचं हो.”

“म्हणजे यांना बायका दोन?” काकांनी हिशेब मांडला. “मग वारस दुप्पट. चांगला वकील बघा.” पंचा अर्धवट पिळलेलाच होता आणि आता थेट पणजोबांवर ठिबकत होता. गुरुजींनी वही ओढून घेतली.

दोघी एका वेळी नांदत होत्या की पहिली गेल्यावर दुसरी आली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पिंड कोणाकोणाला दिले ते खाली असतं, ते वाचायचं. ‘बंधू’ दिसला की लगेच सख्खा धरू नये. ‘बिन’च्या पुढचं बापाचं नाव ताडून पाहावं, निम्मे चुलत निघतात. आणि नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे विठू बिन गणू, गणू बिन विठू, पुन्हा विठू बिन गणू. बरोबरच्या भावांची नावं जुळवली नाहीत तर आजोबा-नातू एकच माणूस होऊन बसतात आणि मधला गणू स्वतःचाच आजोबा.

पुरुषांचा घोळ निदान निस्तरता तरी येतो. त्या ‘कुटुंब २’ मधल्या दोघींना नाव नाही. माहेरच्या वहीत असेलही, पण माहेर कुठलं हे कोणी लिहायचं? लिहिणाऱ्याला ते विचारावंसंच वाटलं नाही. सव्वाशे वर्षांत सुधारणा एवढीच, की कुटुंबाची भगिनी झाली.

“गुरुजी, माझं नाव लिहा की.”

“ताई, तुमची नोंद सासरच्या वहीत. भाऊ म्हणाले म्हणून समासात तरी घेतलं. बरं, लिहितो. कोणतं लिहू, माहेरचं की लग्नातलं?”

“दोन्ही.”

“दोन्ही लिहू नका गुरुजी,” पंचा झटकत काका म्हणाले, “पुढे लोक दोन बहिणी समजतील.”