सड्याला ‘पडीक’ लिहिण्याआधी खालचा झरा मोजा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराचा, सातबारा काढून बघा. बरंच क्षेत्र पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत, दिसेल. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या खडकासाठी वेगळा वर्ग आहे. एकदा हा शिक्का बसला की आराखडा करणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते. मग कारखाना तिथेच, कचरा तिथेच, प्लॉटिंगही तिथेच. माझ्या मते कोकणातल्या जमीन नियोजनातली ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण पायथ्याच्या वाड्या जे पाणी पितात ते त्याच ‘पडीक’ जमिनीत मुरलेलं असतं.

भूविविधता हा शब्द अजून आपल्याकडे रुळलेला नाही. खडक, माती, जमिनीचे चढउतार, पाण्याच्या वाटा यांतलं वैविध्य म्हणजे भूविविधता. युनेस्कोने ६ ऑक्टोबर हा तिचा दिवस ठरवला आहे. गावाने जैवविविधतेची नोंदवही करावी असा कायदा आहे, पण आपल्या पायाखाली कोणता थर किती जाड आहे, हे गावाच्या कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

सड्याचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर कडक जांभा, त्यात भेगा आणि बोटभर जाडीची आरपार भोकं. त्याखाली मऊ जांभा, जो ओला असताना कापता येतो आणि उन्हावाऱ्यात घट्ट होतो, बांधकामाचे चिरे याचेच. त्याखाली पांढुरकी-गुलाबी चिकण माती आणि तळाशी काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून झपाट्याने उतरतं, चिकण मातीवर अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. एका हेक्टरवर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ कोटी लिटर पाणी. त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरलं तरी ३० लाख लिटर होतं. जांभा जितक्या लवकर भरतो तितक्याच लवकर रिताही होतो, म्हणून एप्रिलमध्ये झऱ्याची धार बारीक होते. अशा वेळी वरचा दोन-चार एकर सडा काँक्रीटखाली गेला, तर फटका आधी मे महिन्याच्या पाण्याला बसतो.

चिरेखाणीबद्दल एक समज फार पसरलाय: खाणीत पाणी साठतं, म्हणजे पाणी जिरतं. खाण चिकण मातीपर्यंत नेली असेल तर पाणी धरणारा थरच उचलून नेलेला असतो. उरलेल्या खड्ड्यात पाणी दिसतं खरं, पण तळातून ते उतरत नाही, भिंतीच्या भेगा गाळाने बुजतात आणि बरंचसं पाणी उन्हाने उडून जातं. कडेजवळच्या खाणीचा धोका आणखी मोठा. साठलेलं पाणी उताराच्या बाजूची चिकण माती भिजवतं, तिची ताकद जाते आणि कडा खचतो. चिरे लागतात हे मान्यच आहे, कोकणातली घरं त्यांचीच आहेत. पण खाण कडेपासून लांब हवी आणि चिकण मातीच्या वर किमान दोन मीटर जांभा शिल्लक ठेवूनच ती थांबवायला हवी.

आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे काढल्यानेही भेगांची रचना मोडते. सड्यावर प्लास्टिक अंथरून केलेलं शेततळं पाणी साठवतं, जिरवत नाही. शोषखड्डा तर इथे चालतच नाही. मातीतून गाळून जायला हवं ते सांडपाणी जांभ्याच्या भोकांतून जवळजवळ जसंच्या तसं झऱ्यात उतरतं. सड्यावर बांधकाम होणारच असेल तर गळती नसलेली टाकी आणि जमिनीच्या वर बांधलेला वाळू-खडीचा गाळणवाफा, एवढं तरी अटीत लिहून घ्या.

‘तिथे काही उगवत नाही’ हे वाक्यही चुकीचं आहे. वीतभरही माती नसलेल्या त्याच कातळावर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटक खाणाऱ्या छोट्या वनस्पती फुलतात. तिथे झाडं लावायची म्हणून बाहेरून माती आणून टाकली की या वनस्पती मरतात. कातळशिल्पंही याच सड्यांवर आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खोदायला सपाट, उघडा जांभा होता म्हणून ती तिथे आहेत.

आता मोजणीचं. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सड्याभोवतीचे सगळे झरे नकाशावर मांडा. धारेखाली १५ लिटरची बादली धरा आणि ती भरायला लागणारा वेळ तीनदा मोजा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला २२.५ लिटर, म्हणजे दिवसाला ३२,४०० लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर ५८९ माणसांचं पाणी. ‘पडीक’ जमिनीसमोर हा आकडा लिहा आणि मग ग्रामसभेत बोला.

पुढची पायरी म्हणजे थरांची जाडी. त्यासाठी लगेच बोअर मारायची गरज नाही. चिरेखाणीच्या भिंती, विहिरी आणि रस्त्याची कटिंगं टेप लावून मोजली तरी बरंच कळतं. त्याच आठवड्यात सगळ्या विहिरींतल्या पाण्याची पातळी घ्या, पण काठाची उंची लेव्हलने (उंची मोजायच्या उपकरणाने) काढून, कारण नुसती ‘काठापासून इतकं खाली’ ही नोंद एकमेकींशी ताडता येत नाही. समान पातळीचे बिंदू जोडले की पाणी कुठून कुठे सरकतंय ते दिसतं. इथेच बहुतेक आराखडे चुकतात. चिकण मातीचा उतार वरच्या जमिनीसारखाच असेल असं नाही, त्यामुळे झऱ्याला पाणी देणारा भाग कधीकधी शेजारच्या गावाच्या हद्दीत निघतो. म्हणून झऱ्याभोवती कंपासने ५०० मीटरचं वर्तुळ काढून भागत नाही. हा भाग आराखड्यात त्याच्या खऱ्या आकारात, गट नंबरांसह, वेगळ्या रंगात आला पाहिजे आणि हरकती मागवायच्या आधी आला पाहिजे.