बायकांच्या घोरण्याबद्दल कुणी बोलणार आहे का?

रात्री तीनला व्हॉट्सअ‍ॅप उघडा, आमच्या वयाच्या निम्म्या बायका ऑनलाइन दिसतील. मेनोपॉज जवळ आला, पाळी पुढेमागे व्हायला लागली की झोपेचं खोबरं होतं, आणि घरात सांगितलं की ठरलेलं उत्तर, टेन्शन घेऊ नकोस. अहो टेन्शन कसलं, अंगातून वाफा निघतात, गाऊन पाठीला चिकटतो, फॅन पाचवर केला की नवरा कुडकुडत उठून दोनवर आणतो आणि तोवर घाम वाळून मलाच हुडहुडी भरलेली असते. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतला थर्मोस्टॅट भलताच हळवा होतो, एवढंच. मनाचे खेळ नाहीत हे.

पण मला बोलायचंय घोरण्यावर. बायकांचं घोरणं म्हणजे आपल्याकडे एकतर जोक नाहीतर लाज. माझी मोठी जाऊ लग्नाच्या हॉलवर रात्रभर गादीवर बसून काढते, का तर आपण घोरतो आणि पोरी हसतात. सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, बीपी वाढलेलं. सगळे म्हणाले, मेनोपॉज आहे, जाईल. प्रोजेस्टेरॉन श्वासाला मदत करत असतं, ते कमी झालं आणि वर वजन वाढलं की झोपेत श्वास अडकायची शक्यता वाढते, स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात तो हाच. पण अ‍ॅप्निया म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पोट सुटलेला पुरुष! डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगत नाही, आणि हातात झोपेची गोळी, जी काही जणींचा अ‍ॅप्निया उलट वाढवू शकते. शेवटी जाऊबाईंच्या लेकीने फोनवर रेकॉर्डिंग केलं. घोर घोर, मग एकदम शांत, मग दचकून मोठ्ठा श्वास. ते ऐकवलं तेव्हा कुठे स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली (हल्ली घरीही करता येते). आता सीपॅप मशीन (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपतात, सुरुवातीला वैतागल्या होत्या, आता माहेरीही घेऊन जातात.

घामाने झोप मोडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 2002 साली अमेरिकेतला डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) हा मेनोपॉजनंतरच्या हॉर्मोन गोळ्यांचा अभ्यास ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढलेला दिसल्याने मधेच थांबवला तेव्हापासून हॉर्मोन म्हणजे कॅन्सर हे डोक्यात पक्कं बसलंय. साठीच्या आत असाल, पाळी जाऊन 10 वर्षं झाली नसतील, ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीची हिस्टरी नसेल तर गायनॅकला हॉर्मोनबद्दल एकदा विचारा तरी. पायात रात्री वळवळ होत असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून बघा.

आणि डॉक्टरकडे जाताना नवऱ्याला सोबत न्या. रात्री आपल्या घशातून काय आवाज येतात ते त्यालाच माहीत असतं, आपल्याला थोडंच ऐकू येतं.