वर्षं तुमची, क्लेम आमचे?

रविवारच्या व्यापार पुरवणीत अर्धं पान भरून त्यांचा परिचय छापून आलाय. परदेशी कंपनीने भारतात काढलेली नवी मार्केटिंग कंपनी. मुंबईत बीकेसीत ऑफिस, हाताची घडी घालून उभे असलेले एमडी, आणि खाली ठळक अक्षरात ‘वितरक म्हणजे आमचं कुटुंब’. वाचून डोकं फिरलं माझं.

कुटुंब? मी त्यांच्या शॅम्पूचा वितरक. मग माझ्या एक्सपायरीच्या मालाचं काय? त्याच्या भरपाईचा क्लेम कोण देणार? वखारभागातल्या गोडाऊनमध्ये मागच्या भिंतीला शॅम्पूचे बॉक्स लावलेत. बाटल्या गळून खालचे पुठ्ठे भिजलेत, फरशीवर पाय चिकटतो. लेबलवर आयातदार म्हणून जुन्या एजन्सीचं नाव; यांच्या आधी हा ब्रँड तीच आणून विकायची. नव्या कंपनीचा एरिया मॅनेजर म्हणतो, “शेठ, ते बिलिंग जुन्या कंपनीचं. आमचा पॅन वेगळा, जीएसटी नंबर वेगळा. क्लेम तिकडे पाठवा.” तिकडचे म्हणतात, करार संपला, सगळं नव्यांकडे दिलं. अरे, ब्रँड तोच, माल तोच, आणि तूही तोच! जुन्या एजन्सीत असताना महिनाअखेरीला टार्गेटसाठी हात जोडून “उचला शेठ, राहिला तर परत घेतो” म्हणणारा तूच होतास ना?

इकडे तारीख थांबत नाही. गेल्या आर्थिक वर्षाच्या बिलांवर जीएसटीसकट क्रेडिट नोट (विकणाऱ्याने बिलातून रक्कम वजा केल्याचा कागद) निघायची तर 30 नोव्हेंबरच्या आत. ती चुकली की कराचा भुर्दंड बसलाच. माल मीच नष्ट करावा, तर जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) खाली घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, परत करा. मालाचे पैसे बुडाले ते बुडाले, वर कर खिशातून.

आणि परिचयात काय लिहितात? ‘अनेक वर्षांपासून भारतीयांच्या घराघरांत.’ तुमची कंपनी कालची! घराघरांत माल पोचवला तो आमच्या टेम्पोंनी, आमच्या उधारीवर. जुन्या एजन्सीची वर्षं तुमची आणि तिचे क्लेम आमचे, हा कुठला हिशोब? वर ‘अस्सल भारतीय कंपनी’. 1956 साली परदेशी युनिलिव्हरने इथे हिंदुस्थान लिव्हर उभी केली तेव्हा 10 टक्के शेअर तरी इथल्या लोकांना दिले होते. तुमचे सगळेच्या सगळे शेअर परदेशात.

क्विक कॉमर्सवर हाच शॅम्पू माझ्या खरेदीदराच्याही खाली विकला जातो आणि दुकानदार मला चोर समजतो. स्कीमचे, म्हणजे दुकानदारांना दिलेल्या सवलतीचे, पैसे कंपनीकडे लटकलेत. माझ्या सेल्समन पोरांनी दुकानागणिक फोटो काढून ॲपवर टाकायचे, नाही टाकले तर इन्सेन्टिव्ह कट. का सोसायचं हे सगळं?

आता नवा करार आलाय. आत बारीक अक्षरात एक कलम घुसवलंय: ‘मागील कोणतेही येणे बाकी नाही.’ मी सही करणार नाही, माझी वितरकी गेली तरी चालेल. तुमच्याकडे हा कागद आला असेल तर तुम्हीही करू नका. आधी क्लेमची पोच मागा, कंपनीच्या शिक्क्यासकट, आणि ती 30 नोव्हेंबरच्या आत.