मांजर पुन्हा बोलत नाही तेव्हा

‘इनसाइड आउट २’ या २०२४ च्या चित्रपटात एका रात्री तेरा वर्षांच्या रायलीच्या डोक्यातील नियंत्रणकक्षात कामगारांची टोळी घुसते आणि तोडफोड सुरू करते. सकाळी तिथे पात्रे होऊन वावरणाऱ्या भावनांनी नव्या कळफलकाला नुसते बोट लावले तरी रायली आईवर खेकसते, क्षणात रडू लागते आणि पुढच्या क्षणी स्वतःचीच किळस करू लागते. मेंदूतील भावना चेतवणारी यंत्रणा या वयात जोरावर असते आणि तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच राहतो, हे मेंदूविज्ञानाचे म्हणणे चित्रपटाने दोनतीन मिनिटांत, एकही संज्ञा न वापरता, हसवत सांगितले आहे. या चित्रपटाने जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. इतक्या मुलांनी तो पाहिला, की एका पिढीच्या मनात चिंतेचे चित्र बहुधा त्यातील चिंता नावाच्या नारिंगी पात्रासारखेच राहील. म्हणूनच ते चित्र कुठे खरे उतरले आहे आणि कुठे सोयीचे झाले आहे, हे जरा सविस्तर पाहावेसे वाटते.

त्यातील चिंता विस्कटलेल्या केसांची आहे आणि येताना ढीगभर सामान घेऊन येते. भीती दिसणाऱ्या धोक्यांपासून वाचवते आणि मी न दिसणाऱ्या धोक्यांपासून वाचवते, अशी ती स्वतःची ओळख करून देते. भीती आणि चिंता यांतला भेद इतक्या मोजक्या शब्दांत सांगितलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. पुढे एका दृश्यात ती रात्रभर चित्रकारांना कामाला जुंपते, आणि ते बिचारे उद्या काय काय बिघडू शकेल याची चित्रे एकामागून एक काढत राहतात. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपण किती सहज उच्चारतो. येथे ती अक्षरशः टेबलांच्या रांगा लावून दाखवली आहे. फरक एवढाच, की या चित्रपटातील चिंता वैरी नाही. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंत माणसाला, असे आपल्याकडील सुभाषित सांगते. ही चिंता मात्र जाळायला आलेली नसून अतिउत्साही हितचिंतक आहे, आणि तिची आग तिच्या कष्टाळूपणातून लागते. मैदानाबाहेर बसवलेल्या रायलीचा श्वास अडकतो तेव्हा चिंता इतक्या वेगाने कळा दाबत असते, की तिचेच वादळ होते आणि त्या वादळाच्या आत ती स्वतः हतबल, डोळ्यांत पाणी घेऊन गोठलेली दिसते. या झटक्याला चित्रपट कोणतेही नाव देत नाही, आणि ते योग्यच आहे.

हा चित्रपट मी माझ्या तेरा वर्षांच्या भाचीसोबत पाहिला. त्या दृश्याच्या वेळी तिने माझ्याकडे पाहिले नाही, नंतरही काही विचारले नाही. एरवी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या पोटात दुखत असे. पुढच्या परीक्षेच्या वेळी मात्र ती म्हणाली, “मावशी, माझी नारिंगी आज जरा जास्तच काम करते आहे.” पोटदुखीपासून या वाक्यापर्यंतचे अंतर लहान नाही, आणि ते या चित्रपटामुळे कापले गेले हे मी मोकळेपणाने मान्य करते.

माझी तक्रार पुढे सुरू होते. २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या भागात अकरा वर्षांच्या रायलीचे कुटुंब मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. नव्या शहरात बाबा कामाच्या ताणात असल्यामुळे आपण दोघींनी हसतमुख राहायचे, अशी अपेक्षा आई लेकीकडे प्रेमानेच व्यक्त करते. त्या एका प्रेमळ वाक्याचे ओझे पुढचा सगळा चित्रपट वाहतो. शेवटी रायली रडते तेव्हा आईवडीलही आपल्याला जुन्या घराची आठवण येते अशी कबुली देतात, म्हणजे मुलीच्या घुसमटीत आपला वाटा होता हे त्यांना कळते. दुसऱ्या भागात मात्र रायली तीन दिवसांच्या हॉकी शिबिराला जाते आणि आईवडील कथेच्या कडेला सरकतात. प्रशिक्षक बाईंच्या वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी रायली रात्री त्यांच्या खोलीत चोरून शिरते. पण अशी वही का असते, तेरा वर्षांच्या मुलीला तीन दिवसांत स्वतःची योग्यता सिद्ध का करावी लागते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. सारा संघर्ष डोक्याच्या आत घडतो आणि तोडगाही तिथेच निघतो. चिंतेला आरामखुर्चीत बसवून हातात चहा दिला जातो. दृश्य गोड आहे, परंतु त्यातून चिंता सांभाळणे हे त्या मुलीचे एकटीचे काम ठरते, आणि मोठ्यांना तिकीट काढून शेजारी बसण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

या बाबतीत २०२२ चा, डोमी शी यांनी दिग्दर्शित केलेला ‘टर्निंग रेड’ मला अधिक धीट वाटतो. तो २००२ सालच्या टोरांटोमध्ये घडतो. तेरा वर्षांची मे एका सकाळी उठते तेव्हा तिचा मोठा तांबडा पांडा झालेला असतो. आईचा समज होतो की मुलीची पाळी सुरू झाली, आणि ती सॅनिटरी पॅडचा खोका घेऊन थेट शाळेच्या खिडकीशी पोहोचते. असल्या प्रसंगांमुळे हा चित्रपट मुलांसाठी योग्य आहे का, अशी कुरकूर काही पालकांनी तेव्हा केली होती. पालकांना अवघडल्यासारखे वाटले, याचा अर्थ बाण लागला एवढाच मी घेते. मात्र चित्रपटाचे बळ त्या विनोदांत नाही. मेच्या घराण्यातील प्रत्येक स्त्रीमध्ये हा पांडा उतरलेला आहे, आणि प्रत्येकीने वयात आल्यावर विधी करून त्याला दागिन्यात कोंडून टाकले आहे. शेवटाकडे बांबूच्या वनात मे हिला तिच्याच वयाची एक मुलगी रडताना भेटते. ती तिची आई असते. आपण आपल्या आईला दुखावले, आपण कधीच पुरेशा चांगल्या ठरणार नाही, म्हणून ती रडत असते. मे तिचा हात धरून तिला वाट दाखवते. मुलीची धास्ती कोठून आली याचे उत्तर येथे मुलीच्या डोक्यात शोधलेले नाही. ते आईत सापडते, आणि आईच्या आईत. मुलांचा चित्रपट पाहायला म्हणून बसलेल्या मोठ्या माणसाला हे दृश्य सहजी सोडत नाही.

येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या चित्रपटांतील चिंताग्रस्त मुले बहुतेक मुलीच आहेत. मुलग्यांची धास्ती दाखवायची झाली की तिच्यावर साहसाचा पोशाख चढवला जातो. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ मध्ये माइल्स हा किशोरवयीन नायक उंच इमारतीवरून झेप घेतो, तेव्हा त्याची बोटे काचेला चिकटलेलीच असतात आणि काच फुटून त्याच्यासोबत निघते. भीती गेल्यावर झेप नव्हे, भीतीसकट झेप, हे फार सुंदर रीतीने सांगितले आहे. तरीही झेपेनंतर कोठेतरी बसून रडण्याची मुभा माइल्सला फारशी मिळत नाही.

आणि आता किकी. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ १९८९ चा, म्हणजे ‘पॅनिक अटॅक’ हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा. तेरा वर्षांची ही चेटकीण रिवाजाप्रमाणे वर्षभरासाठी घर सोडते, परक्या शहरात झाडूवर बसून सामान पोहोचवण्याचे काम करते आणि एक दिवस तिला उडता येईनासे होते. त्याच सुमारास जिजी या तिच्या काळ्या मांजराचे बोलणेही तिला कळेनासे होते. तो नुसता म्यांव करतो. असे का झाले, हे चित्रपट सांगत नाही. कोणी खलनायक नाही, कोणती नारिंगी भावना नाही, डोक्याच्या आतला नकाशा नाही. रानात राहणारी एक चित्रकार तरुणी तिला एवढेच सांगते, की तिलाही कधीकधी चित्र जमत नाही, तेव्हा ती फिरते, डुलकी काढते, काहीच करत नाही. पुढे एका मित्राचा जीव वाचवण्यासाठी किकी उसन्या झाडूवर बसून, हेलकावे खात, कशीबशी उडते. उडणे परत येते. जिजी तिच्या खांद्यावर चढतो आणि म्यांव करतो.

मूळ जपानी चित्रपटात तो शेवटपर्यंत म्यांवच करतो. १९९८ मध्ये आलेल्या डिस्नीच्या इंग्रजी आवृत्तीत मात्र त्याच्या तोंडी शेवटी एक वाक्य घातले गेले, जेणेकरून प्रेक्षकाला वाटावे की जुने सारे पूर्ववत झाले. मला या एका वाक्याचा जितका राग येतो तितका वाईट चित्रपटांचाही येत नाही. वयात येताना काही गोष्टी हातातून सुटतात आणि परत मिळत नाहीत, हे मुलांना सोसते. ते सोसत नाही ते मोठ्यांना, आणि म्हणून मोठे मांजराला बोलते करतात. भाचीला मी मूळ आवृत्ती दाखवली. ती म्हणाली, “आता तो खरा मांजर झाला.” तिच्या स्वरात खंत होती, तक्रार नव्हती.

त्या चित्रपटाच्या अखेरीस किकी घरी पत्र लिहिते. काम बरे चालले आहे, कधीकधी उदास वाटते, पण हे शहर मला आवडते, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. उडता न येणाऱ्या त्या सगळ्या दिवसांच्या वाट्याला पत्रात ते एवढेसे ‘कधीकधी’ आले आहे, आणि ते वाचून आईवडील खूश होतात.