युद्धनौकेने तेल वाचवलं की ती कमजोर होते? साफ चुकीचं आहे हे

परत तोच मेसेज फिरायला लागलाय. अमेरिकन नेव्हीने पर्यावरणाच्या नादात 26 डॉलर गॅलनचं तेल जाळलं, लढाऊ जहाजं आणि विमानं इंधन वाचवत बसली तर लढणार कधी, आणि तसंही त्यांची जहाजं अणुशक्तीवर चालतात मग हे सगळं कशाला, असा एकूण सूर. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

26 डॉलरचा आकडा खरा आहे. 2012 च्या रिमपॅक या अनेक देशांच्या नौदल सरावासाठी नेव्हीने साधारण साडेचार लाख गॅलन जैवइंधन घेतलं, वापरलेलं खाद्यतेल आणि शेवाळापासून केलेलं, खर्च 1 कोटी 20 लाख डॉलरच्या आसपास. महागच होतं, टीका झाली ती बरोबरच झाली. पण 2016 साली स्टेनिस विमानवाहू नौकेचा ताफा सॅन डिएगोहून निघाला तेव्हाचं मिश्रण (10 टक्के बीफच्या चरबीपासून, बाकी नेहमीचं) 2.05 डॉलर गॅलनने मिळालं होतं, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. आणि मुळात टाकीत कुठलं तेल घालायचं हा एक प्रश्न आणि किती तेल लागतं हा वेगळा प्रश्न. दोन्ही एकत्र कालवले की पुढचं सगळंच बिघडतं.

आता "बचत म्हणजे कमजोरी" हा मुद्दा, सगळ्यात चुकीचा हाच आहे. आर्ली बर्क क्लासच्या (क्लास म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं) डिस्ट्रॉयरवर, म्हणजे वेगवान युद्धनौकेवर, चार एलएम2500 गॅस टर्बाइन (जेट विमानासारखी इंजिनं) असतात, 30 नॉटच्या (ताशी साधारण 55 किमी) वर पळण्यासाठी. पण डिस्ट्रॉयर रोज तसा पळत नाही, बराच वेळ गस्त घालत हळू चालतो. पाण्यात लागणारी पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते, म्हणजे वेग 20 टक्के कमी केला की पॉवर जवळजवळ निम्मी पुरते, आणि एवढं मोठं टर्बाइन कमी लोडवर चालवलं की प्रत्येक युनिट पॉवरमागे तेल जास्त खातं. मग हळू चालताना छोटं इंजिन किंवा मोटर वापरायची आणि टर्बाइन पळण्यासाठी राखायचं, यात ताकद कुठे गेली? ती तशीच शिल्लक आहे. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक क्लासच्या युद्धनौकांमध्येही हेच आहे, नेहमीच्या हळू चालीला डिझेल इंजिन आणि जोरात पळायला तेच एलएम2500.

वाचलेलं तेल म्हणजे समुद्रात जास्त दिवस आणि तेल भरायच्या कमी वेळा. तेल भरताना जहाजाला दुसऱ्या जहाजाच्या बाजूने सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने चालावं लागतं किंवा बंदरात थांबावं लागतं. 12 ऑक्टोबर 2000 ला यूएसएस कोल ही अमेरिकन युद्धनौका येमेनमधल्या एडनच्या बंदरात तेल भरायलाच थांबली होती. स्फोटकांनी भरलेली बोट येऊन धडकली, 17 नौसैनिक गेले. बचतीला पर्यावरणाचं फॅड म्हणणाऱ्याने ही तारीख आधी वाचावी.

अणुशक्तीचं म्हणाल तर अमेरिकेच्या विमानवाहू नौका आणि पाणबुड्या अणुशक्तीवर आहेत, बास. 70 हून जास्त आर्ली बर्क डिस्ट्रॉयर, सैनिक आणि हेलिकॉप्टर नेणारी मोठी जहाजं, सगळी तेलावर. आणि विमानवाहू नौका अणुशक्तीवर असली तरी तिच्यावरची विमानं जेपी-5 या विमानाच्या इंधनावर उडतात, ते जहाजावरच भरून घ्यावं लागतं. सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानाच्या उड्डाणांपैकी 20 ते 30 टक्के तर दुसऱ्या विमानांना हवेत इंधन द्यायला जातात असं सांगितलं जातं, म्हणजे लढाऊ विमान टँकर म्हणून झिजतंय. एमक्यू-25 हे मानवरहित टँकर विमान त्यासाठीच आणलंय, 4 जून 2021 ला त्याने उडत्या सुपर हॉर्नेटला इंधन दिलं. लढाऊ विमानं लढायला मोकळी होणार, याला कमजोरी कसं म्हणायचं?

"असल्या बारीक बचतीने काय होतंय" असंही त्यात आहे. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, त्याने पाण्यातला रोध वाढतो. यावर 2011 साली एक अभ्यास आला, त्यात फक्त आर्ली बर्क क्लाससाठी या घाणीचा खर्च वर्षाला साधारण 5 कोटी 60 लाख डॉलर निघाला, आणि त्यातला मोठा भाग जादा जळलेल्या तेलाचा, घासण्या-रंगवण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ. तळ वेळेवर घासला म्हणून एकही तोफ कमी होत नाही.

शेवटचा मुद्दा, की हे प्रयोग फसले. एक फसला, मान्य. डिस्ट्रॉयरमध्ये हळू चालण्यासाठी नंतरून इलेक्ट्रिक मोटर बसवायची योजना 34 जहाजांसाठी होती, मोटर फक्त ट्रक्सटन या एका डिस्ट्रॉयरवर बसली आणि 2018 च्या सुमारास योजना बंद झाली. हळू चालताना मोटर जहाजाच्या जनरेटरवरच भार टाकते, आणि ते जनरेटर त्या हिशोबाने बसवलेलेच नव्हते. पण मकिन आयलंड हे सैनिक आणि हेलिकॉप्टर नेणारं जहाज पहिल्यापासूनच टर्बाइन अधिक इलेक्ट्रिक मोटर असं बांधलं गेलं. 2009 ला ते मिसिसिपीहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन डिएगोला पोचलं, त्या एका फेरीत नेव्हीच्या हिशोबाने जवळपास 9 लाख गॅलन तेल वाचलं. नंतर याच प्रकारच्या, 'अमेरिका' नावाच्या क्लासच्या जहाजांसाठी नेव्हीने हीच सिस्टीम घेतली, आणि त्या जहाजांवरून एफ-35बी लढाऊ विमानं उडतात.